वाकड्या अंगणाची डागडुजी

हरलेल्या माणसाला आपल्या भाषेने कधी दयामाया दाखवली नाही. तो तोंड उघडायच्या आत 'नाचता येईना, अंगण वाकडे' असं म्हणून त्याला गप्प करायची सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. ते अंगण खरोखर वाकडं होतं का, हे बघायला मात्र आजवर कुणी ओळंबा किंवा पाणसळ घेऊन गेलं नाही. नाचणारीची बाजू कुणी ऐकूनच घेतली नाही. सारवताना एका कोपऱ्यात शेण जास्त थापलं गेलं असेल, पावसाने एक कड खचली असेल. पण निकाल लागला तो लागलाच.

व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरबद्दल मला आदर वाटतो तो एवढ्यासाठीच. झिजलेला कंट्रोलर हे पंचांसमक्ष वाकडं सिद्ध करता येणारं पहिलं अंगण आहे. अंगठा उचला, दोन्ही हात मांडीवर ठेवा आणि टीव्हीकडे बघत बसा. तुमचा तलवारबहाद्दर नायक, कुणी काही न सांगता, आपला आपण डावीकडे चालू लागतो. डावीकडे हमखास दरी असते. या रोगाला खेळणारे 'ड्रिफ्ट' म्हणतात, आणि तो जडलेला कंट्रोलर हातात असेपर्यंत कुठल्याही खेळाडूला कुणी एक शब्द बोलू शकत नाही.

आता हे वाकडं अंगण आमच्या वाट्याला आलं कुठे, तर सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमध्ये. इथे वाकडं काही म्हणून राहू देत नाहीत. गावाचं नाव १९५३ साली झालेल्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकावरून पडलं, आणि तेव्हापासून राणी कुठल्याही क्षणी दारात उभी राहील अशा बेताने गाव झाडूनपुसून तयार असतं. गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे एचडीबीने, १९६० साली पूर्ण केलेल्या पहिल्यावहिल्या इमारती स्टर्लिंग रोडवर आहेत. नंबर ४५, ४८ आणि ४९. साठी उलटली तरी त्यांची रंगरंगोटी बघून आमच्या पुण्यातल्या दहा वर्षांच्या सोसायटीने मान खाली घालावी. जिन्यातला दिवा गेलाय अशी तक्रार करायची ठरवून चपला घालेपर्यंत नवा दिवा लागलेला असतो. आणि ज्याची डागडुजी परवडत नाही असं सरकारला वाटतं, ते अख्खंच्या अख्खं बदलतात. टँगलिन हॉल्टच्या ३१ इमारती पाडायचं २०१४ मध्ये जाहीर झालं आणि तिथल्या लोकांसाठी डॉसनच्या बाजूला नवे उंच मनोरे उभे राहिले.

थोडक्यात गावाचं धोरण सरळ आहे. एक तर नव्यासारखं ठेवायचं, नाही तर नवंच आणायचं. 'अजून चालतंय की' ही जी मधली अवस्था, तिला इथे सरकारी मान्यता नाही. आमच्या घरात मात्र तीच एक अवस्था चालते. पंखा, मिक्सर, इस्त्री, नवऱ्याची पाठ, सगळं अजून चालतंय की.

कंट्रोलरला नक्की काय झालंय हे घरात सर्वांत आधी कळलं ते सासऱ्यांना. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. अधूनमधून आमच्याकडे काही महिने येतात आणि आल्या दिवसापासून घरातल्या बिजागऱ्या तपासतात. नातवाने अर्ध्या इंग्रजीत रोगाची लक्षणं सांगितली. बाबांनी कंट्रोलर कानाशी नेऊन हलवला, दांडी दोन-चार वेळा फिरवली आणि निकाल दिला, "व्हॉल्यूमचं बटण गेलंय."

"आजोबा, यात व्हॉल्यूमचं बटण नसतं," नातू हसत म्हणाला.

पण आजोबा बरोबर होते. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना जी खरखर व्हायची ती ज्या भागामुळे, तोच भाग इथे बसवलेला असतो. पोटेन्शिओमीटर त्याचं नाव. अंगठ्याखालच्या दांडीला दोन बाजूंनी अशा दोन डब्या चिकटवलेल्या असतात. एक उभी हालचाल मोजते, दुसरी आडवी. डबीत कार्बनचा काळा पट्टा आणि त्यावरून घासत सरकणारी धातूची केसाएवढी बोटं. बोट पट्ट्यावर कुठे टेकलंय त्यावरून विजेचा दाब ठरतो आणि त्या दाबावरून नायक कुठे, किती वेगाने पळणार ते ठरतं. घासाघीस म्हटली की झीज आलीच. पट्ट्याला चर पडतो, कार्बनची भुकटी इकडेतिकडे उडते, दांडीला मधोमध आणणारी स्प्रिंगही सैल होत जाते. मग दांडी मध्यावर शांत उभी असली तरी डबी छातीठोकपणे सांगते, 'डावीकडे!' आणि गेम बिचारा तिच्यावर विश्वास ठेवतो.

हे व्हायला किती वेळ लागतो याचा हिशोब दुरुस्तीचा प्रचार करणाऱ्या आयफिक्सिट या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये मांडला. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमधल्या या जपानी भागाचं आयुष्य त्याच्या कागदपत्रांत २० लाख फेऱ्या असं दिलेलं. धुमश्चक्रीच्या खेळात मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर ४१७ तासांत ते संपतं. रोज दोन तास खेळलं तर साधारण सात महिने. 'रोज दोन तास' हा आकडा आमच्या घरात फक्त पालकसभेत सांगतात, त्यामुळे सात महिन्यांवरही विसंबून राहता येत नाही.

निन्टेंडोच्या स्विचची कथा तर याहून वरची. मार्च २०१७ मध्ये तो बाजारात आला, २०१९ मध्ये ड्रिफ्टवरून अमेरिकेत ग्राहकांनी कंपनीला कोर्टात खेचलं, आणि जून २०२० मध्ये भागधारकांच्या सभेत कंपनीचे अध्यक्ष शुनतारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. अंगण वाकडं असल्याबद्दल अंगणाच्या मालकाने माफी मागितल्याची मला माहीत असलेली ही पहिलीच नोंद. आमच्या चिरंजीवांना ती महिन्या-सालासकट पाठ आहे. सतराचा पाढा कृपया विचारू नये.

अर्थात उलटही घडलेलं आहे. याच कंपनीच्या १९९६ सालच्या निन्टेंडो ६४ वर 'मारिओ पार्टी' नावाचा खेळ आला, त्यात दांडी गरागरा फिरवायची असे. अंगठा पुरेना म्हणून पोरं तळहाताने फिरवू लागली आणि तळहातांना फोड आले. शेवटी २००० साली न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलपुढे तडजोड होऊन कंपनीने खेळणाऱ्यांना हातमोजे द्यायचं कबूल केलं. म्हणजे कंट्रोलर आणि माणूस यांच्यात जो मऊ, तो आधी झिजतो.

झिजलेले कंट्रोलर नीट बघायची सवय लागल्यापासून मला माणसांचे फोटो बघायची गरज वाटत नाही. डावी दांडी बहुतेकांची आधी जाते, कारण ती चालण्याची आणि सगळ्यांना पुढेच पळायचं असतं. आमच्या चिरंजीवांच्या डाव्या दांडीवरचं रबर तर पार गुळगुळीत झालेलं. जोरात पळायला दांडी खाली दाबायची असते. हलकीशी दाबली तरी पुरतं, पण शत्रू मागे लागला की ते ती अशी दाबतात की आपण जितकं दाबू तितका वेग वाढेल. वेग वाढत नाही. अंगठ्याचं नख तेवढं पांढरं पडतं. नवऱ्याच्या कंट्रोलरचा गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरचा खटका ढिला झालाय, कारण गाडी भिंतीला टेकून चाकं जागच्या जागी फिरत असतानाही तो खटका सोडत नाही. ऑफिसातही त्याचं असंच असतं असं त्याचे सहकारी सांगतात. लेकीची उजवी दांडी झिजते. ती बघण्याची दांडी. लेक खेळत नाही, खेळात हिंडते, लोकांच्या घरात डोकावते. एका स्वयंपाकघरातल्या फडताळाकडे ती इतका वेळ बघत उभी होती की मागून येऊन राक्षसाने तिला खाल्लं.

मात्र एक बटण मी कुणाच्याही कंट्रोलरवर झिजलेलं बघितलं नाही. खेळ थांबवायचं. ते दुकानातून आणल्या दिवशी जसं होतं तसंच कोरं करकरीत असतं. जेवायला हाका मारणाऱ्या तमाम आयांनी याची नोंद घ्यावी.

रोग कळल्यावर पहिला उपाय चिरंजीवांनी केला तो डेडझोन वाढवायचा. बऱ्याच गेमच्या सेटिंगमध्ये ही सोय असते. दांडीच्या मध्याभोवती एक वर्तुळ आखायचं आणि त्यातल्या बारीकसारीक हालचालींकडे गेमने दुर्लक्ष करायचं. बाबांच्या डाव्या कानाला ही सोय निवृत्तीपासून आहे. 'बाबा, गॅस बंद करता का' एवढी किरकोळ हालचाल तिथे नोंदलीच जात नाही, 'चहा' म्हटलं की तत्काळ नोंद होते. पण डेडझोनचं असं आहे की झीज वाढेल तसं वर्तुळ वाढवावं लागतं, आणि एक दिवस असा येतो की दांडी पार कडेला रेटल्याशिवाय नायक जागचा हलत नाही. हलला की थेट धावत सुटतो. सावकाश चालणं हा प्रकारच त्याच्या आयुष्यातून जातो.

मग दुकान शोधणं आलं. क्वीन्सवे शॉपिंग सेंटर इथलं खेळाच्या सामानासाठी नावाजलेलं. सत्तरच्या दशकातली इमारत, आत बुटांची आणि रॅकेटांची दुकानं. तिथे बॅडमिंटनच्या रॅकेटला नवी तार ओवून देतात. मी काचेला नाक लावून बघत उभी राहिले. गिऱ्हाईक येतं, तार किती ओढून बसवायची ते पौंडांत सांगतं, आणि रॅकेट घेऊन जातं. तार तुटली म्हणून रॅकेट फेकून द्यावी असं त्यांच्यात कुणाच्या मनातही येत नाही. खेळणाऱ्याच्या हातातलीच वस्तू, तीही, ही पण. मग कंट्रोलरनेच काय घोडं मारलं?

हा प्रश्न मी नंतर दुसऱ्याच एका पेठेतल्या दुरुस्तीवाल्या अंकलना विचारला. अंकलनी कंट्रोलर न उघडता हातात तोलला.

"कॅन रिपेअर," ते म्हणाले. मी खूश.

"बट फॉर वॉट? बाय न्यू वन, बेटर लाह."

दुरुस्तीचा भाव नव्याच्या निम्म्यापुढे जात होता आणि वर अंकलनी प्रामाणिकपणे सांगितलं की बसवणार तोही कार्बनवालाच, म्हणजे पुन्हा झिजणारा. भाव अंकलचा नव्हता, त्यांच्या वेळेचा होता. सिंगापुरात वस्तू स्वस्त आणि माणसाचा तास महाग. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी नेमकं उलटं असायचं, म्हणून तिथे दहा रुपयांच्या भागासाठी तासभर माणूस डोकं घालून बसायचा आणि वर आपल्यालाच चहा पाजायचा.

"मग नवा घेऊ या," नवरा म्हणाला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्क्रू म्हणजे हार्डवेअर, त्याच्या कार्यकक्षेबाहेर.

"आणि जुना?" बाबांनी विचारलं.

जुना ई-कचऱ्याच्या पेटीत. या देशात वर्षाला सुमारे ६०,००० टन ई-कचरा निघतो. इतर कचरा जाळून उरलेली राख सेमाकाऊ बेटावर नेऊन टाकतात. १९९९ मध्ये सुरू झालेली ती जागा २०३५ पर्यंत भरेल असा सरकारचाच अंदाज आहे. एवढं ऐकल्यावर बाबांनी कंट्रोलर खिशात घातला आणि जेवायलाही तसेच बसले.

दुरुस्तीच्या बाबतीत आपल्याकडे मुळात तीन संप्रदाय. पहिला फुंकरवाल्यांचा. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम ज्यांच्या घरी होता, ती मंडळी यात येतात. पिवळी कॅसेट चालेना की काढायची, खालच्या फटीत बासरी वाजवल्यासारखी फुंकर मारायची आणि परत खोचायची. चालायची. ती फुंकरीने नव्हे, काढून परत खोचल्याने चालायची, आणि फुंकरीतल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्यांना उलट गंज चढायचा. पण हे सत्य कळलं तेव्हा आमच्या पिढीचं फुफ्फुसांचं शिक्षण पूर्ण झालं होतं. दुसरा थापटवाल्यांचा. टीव्हीचा रिमोट तळहातावर दोनदा आपटून ज्यांची बॅटरी आणखी तीन महिने चालते ते हे लोक. तिसरा संप्रदाय चंदेरी कागदवाल्यांचा. बटणाखालच्या रबराची काळी टिकली गेली की चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद कापून तिथे चिकटवायचा. यातला शास्त्रशुद्ध तेवढा हाच, कारण त्या टिकलीचं काम वीज वाहून नेण्याचं, आणि कागद ते चोख करतो.

बाबा चौथ्या संप्रदायाचे. "रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेव," ते म्हणाले. एसटीचा कुठलाही भाग रॉकेलमध्ये धुतला की बोलता होतो म्हणे. क्वीन्सटाउनात रॉकेल मिळत नाही हे ऐकून त्यांना या देशाच्या भवितव्याची काळजी वाटली. मग डब्ल्यूडी-फॉर्टीचा डबा पुढे आला. तोही मी हातातून काढून घेतला. साध्या डब्ल्यूडी-फॉर्टीने मागे तेलाचा थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. इथे लागतं आयसोप्रोपिल अल्कोहोल, जितकं शुद्ध तितकं बरं, ते उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही.

मला हे कुठून माहीत? तर माझ्याकडे पुण्याच्या पॉलिटेक्निकमधली इलेक्ट्रॉनिक्सची पदविका आहे. तिचा उपयोग आजवर व्हिसाच्या अर्जात 'शिक्षण' हा रकाना भरण्यापुरता झाला होता.

तरी एकदम हात घालायचा धीर होईना. सिंगापुरात २०१४ पासून 'रिपेअर कोपितियाम' नावाचा उपक्रम चालतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी स्वयंसेवक अवजारं घेऊन बसतात, लोक पंखे, इस्त्र्या, टोस्टर घेऊन येतात. मी बाबांना सांगितलं.

"म्हणजे ते दुरुस्त करून देतात."

"नाही बाबा. ते शिकवतात. करायचं आपण."

"पैसे?"

"काही नाही."

बाबा विचारात पडले. फुकट काम करणारा माणूस त्यांना समजला असता. फुकट आपल्याकडूनच काम करून घेणारा माणूस त्यांना फक्त घरात भेटला होता. "कोपितियाम म्हणजे कॉफीचं दुकान ना? मग निदान कॉफी तरी पाजत असतील," असं म्हणून त्यांनी विषय संपवला, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं.

कंपन्यांची आपण वस्तू उघडू नये अशी मनापासून इच्छा असते. स्विचच्या कंट्रोलरला तीन पाकळ्यांचे स्क्रू. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला सहा टोकांचे, त्यातही मधोमध खुंटी, आणि शेवटचा स्क्रू बॅटरीच्या खणातल्या लेबलखाली दडवलेला. बाकीचे काढून माणूस खेचाखेच करत बसतो आणि कंट्रोलर उघडत नाही. आमच्याकडच्याला निदान साधे चौफुलीचे स्क्रू होते. ते निघाले, पाठ अलगद उचलली आणि सगळ्यात आधी बाहेर आली ती बाकरवडी. तीळ, खसखस, आणि फटीफटीत बसलेलं लालसर तिखट. बाबांनी चष्मा पुढे ओढून एक तीळ नखावर घेतला. "आपल्याकडचाच आहे," ते म्हणाले. चिरंजीव छताकडे बघत होते.

आधी नुसती सफाई करून पाहिली. डबीचं झाकण बारीक पात्याने सोडवलं. आत मटाराच्या दाण्याहून थोडी मोठी पांढरी चकती, तिच्या पोटाला ती धातूची बोटं, आणि समोर तो काळा पट्टा. उजेडात धरला तेव्हा दिसलं. पट्टा मंद काळा, पण मधोमध एक रेघ चकचकीत करडी घासलेली. आमच्या चिरंजीवांची गेल्या दोन इयत्तांची संपूर्ण वाटचाल त्या नखाएवढ्या रेघेत होती. कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून पट्टा पुसला, काडी काळी झाली, सगळं परत बसवलं आणि नायक जागच्या जागी उभा राहिला. टाळ्या झाल्या. शनिवारी दुपारी तो परत डावीकडे निघाला. भुकटी पुसता येते, चर बुजवता येत नाही.

मग खरा उपाय. एडविन हॉल नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधलं की वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक नेला की पट्टीत आडव्या दिशेने विजेचा दाब तयार होतो. त्यावर चालणाऱ्या दांडीत कार्बन नाही, बोटं नाहीत. दांडीला चुंबक, बाजूला तो ओळखणारा सेन्सर, आणि दोघांत हवा. एकमेकांना हात न लावता कळतं, म्हणून झीज नाही. सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ही युक्ती वापरली होती. म्हणजे औषध साथीच्या आधीच तयार होतं. पण कार्बनची डबी स्वस्त पडते, म्हणून मोठ्या कंपन्या साथीबरोबर राहिल्या. सोनीने २०२३ मध्ये दांडीचा अख्खा ठोकळा खेचून बदलता येईल असा कंट्रोलर काढला खरा, पण त्याच्या किमतीत साधे दोन सहज येतात. सुट्या हॉलवाल्या दांड्या मात्र आता घरबसल्या मागवता येतात आणि नव्या कंट्रोलरच्या मानाने किरकोळ पैशात मिळतात.

मिळतात, पण बसवायच्या कशा? जुनी दांडी सर्किटच्या पाटीवरून सोडवायला कथिलाचे चौदा टाके उसवावे लागतात. दोन डब्यांचे तीन-तीन, दांडी दाबल्यावर चालणाऱ्या बटणाचे चार, आणि सांगाडा धरून ठेवणाऱ्या पायांचे चार. हे शेवटचे चार महाबिलंदर. पाटीतल्या रुंद तांब्याला जोडलेले असल्याने दिलेली सगळी उष्णता गिळून थंड बसून राहतात. जुनं कथील शिशाविनाचं, ते लवकर पाघळत नाही. त्यात थोडं नवं मिसळलं की ऐकतं. एका हातात सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्या हातात पंप. कथील चमकलं की पंपाचं बटण, फट्, आणि भोक मोकळं. घरभर राळेचा वास. बाबा मागे उभं राहून, "घाई नको. पाटीवरचं तांबं सुटलं तर गेलं," असं दर टाक्याला म्हणत होते. दापोडीत त्यांच्या मागे कुणी असं उभं राहिलं असतं तर त्यांनी पाना फेकून मारला असता. शेवटचा पाय सुटला आणि जुनी दांडी हातात आली तेव्हा लेक, जी फक्त बघायला आली होती, म्हणाली, "एवढीशीच आहे की!" नवी बसवली, मध्य कुठे आहे ते संगणकाला जोडून तिला शिकवलं, कारण तसं न केलं तर नवीसुद्धा पहिल्या दिवसापासून तिरपी चालते. अंगठा उचलला. नायक दरीच्या काठावर उभा राहिला आणि उभाच राहिला.

दुरुस्ती झाल्यावर मी नियमही लावले. बाकरवडी खाल्लेल्या हाताने कंट्रोलर घ्यायचा नाही. हरलात तरी कंट्रोलर सोफ्यावर आपटायचा नाही. खिडकीपाशी ठेवायचा नाही, कारण इथल्या बारमाही दमट हवेत वरचा मऊ मुलामा चिकट होतो आणि मग वर्षभराची धूळ आवडीने धरून ठेवतो. दांडीवर रबरी टोपी घालायची. आणि दाबायचं ते हळू, शत्रूला कळत नाही तुम्ही किती जोरात दाबलं ते. नियम सगळ्यांनी ऐकले. बाबांनी उजव्या कानाने ऐकले.

पण घरात एक चमत्कारिक शांतता पसरली. इतके दिवस प्रत्येक पराभवाला कारण होतं, कागदोपत्री सिद्ध होणारं, जपानी अध्यक्षांनी मान्य केलेलं. आता चिरंजीव हरत होते आणि बोलायला काही उरलं नव्हतं. इंटरनेटला नाव ठेवावं तर सिंगापुरात तीही सोय नाही, ते चालतं. कंट्रोलर इतके दिवस बिघडलेला का राहिला होता हे मला तेव्हा कळलं. तो बिघडलेला असण्यात अख्ख्या घराचं हित होतं.

त्यात दिवाळी आली. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीचं एक कुटुंब फराळाला आलं, सोबत दहा वर्षांचा मुलगा. मराठी घरात चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात. कंट्रोलरचं नेमकं उलट असतं. जुना तो पाहुण्यांचा, आणि वर 'चालतो रे, छान चालतो' असं सांगायचं. चिरंजीवांनी सवयीने जुना त्याला दिला आणि वाढदिवसाचा नवाकोरा स्वतः घेतला. त्या पोराने हॉलच्या कृपेने आमच्या चिरंजीवांना फुटबॉलमध्ये असं काही हरवलं की चकलीचा आवाज थांबला.

"मला तो जुना दे," चिरंजीव म्हणाले. दिला. परत हरले. "दांडी सरकतेय," ते पुटपुटले.

बाबा उठले. "अंगठा काढ. हात मांडीवर." सगळे टीव्हीकडे बघू लागले. खेळाडू हिरवळीवर कंबरेवर हात ठेवून उभा. इंचभर हलला नाही. बाबांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं, मग नातवाकडे, आणि नाचणारीची ती म्हण संपूर्ण म्हणून दाखवली.

"मग तुम्हीच खेळून दाखवा ना, आजोबा," नातू म्हणाला.

फुटबॉल त्यांना येत नव्हता म्हणून तलवारबहाद्दर लावला. बाबांनी चष्मा सारखा केला, दोन्ही अंगठे दांड्यांवर ठेवले आणि डावीकडे घेतलं. मिनिटभरात नायक दरीत. परत लावला. परत दरीत. तिसऱ्यांदा तो दरीकडे धावतच गेला. पाहुण्यांनी लाडवात लक्ष घातलं. बाबांनी कंट्रोलर उलटा केला, पाठीवरचे स्क्रू निरखले, कानाशी नेऊन हलवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, त्या चौदातला एखादा टाका कच्चा राहिलाय गं."